काचपेटीतला कोळी आणि त्याचे रान

दक्षिण अमेरिकेच्या रानांतले केसाळ कोळी आज युरोप, अमेरिका आणि पूर्व आशियातल्या असंख्य घरांत काचपेट्यांमध्ये राहतात. थेराफोसिडी या त्यांच्या कुलात हजाराहून अधिक जाती आहेत आणि जगभर त्यांना टॅरंटुला म्हणतात. चिलीतला गुलाबी छटेचा ग्रामोस्टोला, ब्राझीलच्या दक्षिणेचा मखमली काळा ग्रामोस्टोला पुल्क्रा आणि खंडाच्या ईशान्येच्या ओल्या जंगलातला, पाय पसरले की जवळपास ३० सेंटिमीटर भरणारा थेराफोसा ब्लाँडी ही शौकिनांच्या तोंडी असलेली काही नावे. हा छंद म्हणजे गेल्या चाळीस-पन्नास वर्षांतले शहरी खूळ, अशी सर्वसाधारण समजूत आहे. प्रत्यक्षात या कोळ्यांना पकडण्याचा, बाळगण्याचा, विकण्याचा आणि अभ्यासण्याचा इतिहास तीनशे वर्षांहून जुना आहे. तो सलग वाचला की एक गोष्ट पुन्हा पुन्हा दिसते. कोळी माणसाच्या हाती आला, पण तो जिथून आला ते ठिकाण दरवेळी मागे सुटले. कुठल्या जंगलातला, कुठल्या उंचीवरचा, झाडावरचा की बिळातला, कोणी दाखवला, कोणाच्या परवानगीने नेला, या नोंदी गळत गेल्या आणि उरले ते नुसते शरीर. या छंदाने विज्ञानाला दिले ते थोडे नाही. पण त्यातून जे नुकसान झाले, कोळ्यांचे, विज्ञानाचे आणि त्या देशांचे, त्याच्या मुळाशी ठिकाण विसरण्याची ही सवय आहे, असे मला वाटते. ती सुटली तर पाळणे समर्थनीय ठरते. ती सुटली नाही, तर कितीही प्रेमाने पाळलेला कोळी हा उचलून आणलेला माल राहतो.

सुरुवात मारिया सिबिला मेरिअन या चित्रकर्तीपासून करावी लागते. १६९९ मध्ये वयाच्या बावन्नाव्या वर्षी ती धाकट्या मुलीला घेऊन ॲमस्टरडॅमहून सुरिनामला गेली. ती डच वसाहत तेव्हा उसाच्या मळ्यांवर आणि गुलामांच्या श्रमावर चाललेली होती. दोन वर्षांनी आजारी पडून ती परतली आणि १७०५ मध्ये सुरिनामच्या कीटकांवरचा तिचा ग्रंथ प्रसिद्ध झाला. त्यातल्या अठराव्या चित्रात पेरूच्या फांदीवर मोठे केसाळ कोळी आहेत आणि त्यांतल्या एकाने एका इवल्या गुंजन पक्ष्याला धरले आहे. या चित्राने युरोपला हादरवले. वर्गीकरणतज्ज्ञ लिनीअसने १७५८ मध्ये या कोळ्याला लहान पक्ष्याशी संबंध सांगणारे नाव दिले आणि पुढे एव्हिक्युलेरिया हा वंश त्यावरून आला. मेरिअनने झाड, भक्ष्य आणि शेजारचे कीटक एकाच पानावर रंगवले होते, म्हणजे तिने कोळी त्याच्या ठिकाणासकट दाखवला होता. तिला वनस्पती आणि प्राणी आणून देणारे, त्यांचे गुण सांगणारे स्थानिक आदिवासी आणि आफ्रिकी गुलाम होते. त्यांचा उल्लेख ती करते, पण त्यांची नावे आपल्यापर्यंत पोचलेली नाहीत. ज्यांना ते रान ठाऊक होते तेच या इतिहासातून सर्वांत आधी पुसले गेले.

ठिकाण सुटले की विज्ञान कसे चुकते याचा पुरावा त्याच चित्राभोवती झालेल्या वादात मिळतो. १८३४ मध्ये विल्यम शार्प मॅकले या इंग्रज कीटकतज्ज्ञाने मेरिअनला खोटे ठरवले. तो तेव्हा क्यूबात राहत होता आणि तिथले मोठे कोळी त्याने पाहिले होते. ते बिळात राहतात, झाडावर चढून पक्षी पकडत नाहीत, म्हणून मेरिअनची गोष्ट भाकड आहे, असा त्याचा निष्कर्ष. क्यूबातल्या जमिनीवरच्या कोळ्यावरून त्याने सुरिनामच्या झाडावरच्या कोळ्याचा न्याय केला. पुढे हेन्री वॉल्टर बेट्स या इंग्रज निसर्ग-अभ्यासकाने ॲमेझॉनच्या खोऱ्यात अकरा वर्षे घालवली. टोकांतिन्स नदीकाठच्या कामेटा गावाजवळ त्याने असा कोळी आणि त्याच्या जाळ्यात अडकलेले दोन लहान पक्षी पाहिले. एक मेलेला होता, दुसरा मरणाच्या दारात होता. ही नोंद त्याच्या १८६३ च्या ग्रंथात आली आणि दीडशे वर्षांपूर्वीची मेरिअनची साक्ष खरी ठरली. मॅकले आपल्या क्यूबाबद्दल बरोबर होता. त्याची चूक एवढीच, की एका बेटावर पाहिलेले त्याने सगळ्या कोळ्यांना लागू केले.

बेट्सच्या त्याच ग्रंथात पाळण्याच्या इतिहासासाठी फार मोलाची एक नोंद आहे. एका आदिवासी कुटुंबातली मुले असल्या एका प्रचंड कोळ्याच्या कमरेला दोरी बांधून त्याला कुत्र्यासारखे घरभर फिरवत होती, असे तो लिहितो, आणि हे कुटुंब त्याच्यासाठी प्राणी गोळा करणारे होते. म्हणजे कोळी खेळवणे आणि कोळी परदेशी माणसाला पुरवणे या दोन्ही गोष्टी तिथे एकाच छपराखाली चालत. मुलांच्या हातातला कोळी त्यांच्याच अंगणापलीकडच्या रानातला होता, आणि त्याला कसे धरावे हे त्यांना ठाऊक होते. बेट्सला ते ठाऊक नव्हते. पहिला नमुना निष्काळजीपणे हाताळल्यामुळे अंगात घुसलेल्या केसांनी तीन दिवस आपले हाल झाले, असे तो सांगतो. अमेरिका खंडातल्या अनेक टॅरंटुलांच्या पोटावर असे काटेरी केस असतात आणि धोका वाटला की कोळी मागच्या पायांनी ते झाडून हवेत उडवतो. त्यांचे प्रकार आणि काम शास्त्रीय रीतीने मांडणारा कुक, रॉथ आणि मिलर यांचा निबंध १९७२ चा. तोवर, आणि त्यानंतरही, हे ज्ञान त्या रानातल्या माणसांच्या रोजच्या वापरात होते. व्हेनेझुएलातले पिआरोआ लोक थेराफोसा भाजून खातात, तेव्हा आधी हे केस जाळून टाकतात.

विसाव्या शतकात कोळी प्रयोगशाळेत आला. अमेरिकेतल्या आर्कान्सा विद्यापीठातल्या विल्यम बेर्ग यांनी अनेक दशके टॅरंटुला पाळले, विष किती घातक आहे हे पाहण्यासाठी स्वतःला चावे घेऊ दिले, आणि मादीला वयात यायलाच दहाएक वर्षे लागतात व ती वीस वर्षांहून अधिक जगू शकते हे दाखवले. त्यांचे कोळी उत्तर अमेरिकेतले होते, पण रानात कधीच न दिसणारी गोष्ट दीर्घकाळ पाळून जाणून घेणे, ही पद्धत त्यांनी घालून दिली. दक्षिण अमेरिकेत हेच काम साओ पाउलोच्या बुटांटान संस्थेत झाले. १९०१ मध्ये स्थापन झालेली ही संस्था सर्पदंशावरच्या प्रतिविषासाठी ओळखली जाते. व्हितल ब्राझील आणि जाँ व्हेलार यांनी १९२० च्या दशकात तिथे कोळ्यांच्या विषावर काम केले आणि वोल्फगांग ब्यूखर्ल यांनी १९५१ मध्ये ग्रामोस्टोला वंशाच्या जीवनक्रमावर दीर्घ प्रबंध प्रसिद्ध केला. रिओच्या राष्ट्रीय संग्रहालयातले कांदिदो दे मेलो-लैताओं यांनी तर त्याआधीच डझनावारी जातींची वर्णने केली होती. आज जगभर विकले जाणारे ग्रामोस्टोला पुल्क्रा आणि लासिओडोरा पाराहिबाना हे कोळी त्यांनीच शास्त्राला ओळखीचे करून दिले. पाराहिबाना हे नावच ब्राझीलच्या पाराइबा राज्याचे आहे. त्या देशात कोळी आणि त्याचे गाव यांची फारकत झाली नव्हती.

युरोपात चित्र वेगळे होते. तिथे कोळी बंदरातून येई. मध्य आणि दक्षिण अमेरिकेतून केळ्यांचे घड घेऊन येणाऱ्या जहाजांत निरनिराळे कोळी लपून येत, आणि जर्मनीत ग्युंटर श्मिट यांनी १९५० च्या दशकात अशाच केळ्यांबरोबर आलेल्या कोळ्यांचा अभ्यास सुरू केला. पुढे ते टॅरंटुलांवरचे सर्वांत वाचले गेलेले जर्मन लेखक झाले आणि त्यांनी कित्येक नव्या जातींना नावे दिली. त्यांच्या कामाचे मोल मोठे आहे, आणि त्याची मर्यादाही तिथेच आहे. बंदरात उतरलेला किंवा दुकानात विकत घेतलेला कोळी कुठून आला हे फार तर देशाच्या नावापर्यंत सांगता येई. त्यावरून केलेले वर्णन नंतरच्या अभ्यासकाला रानात पडताळून पाहता येत नाही. कोणत्याही जातीचा पहिला नमुना जिथे सापडला ते स्थळ वर्गीकरणात पायासारखे असते. ब्राझीलसारखा प्रचंड देश एवढाच पत्ता असेल, तर ते स्थळ शोधण्यात पुढच्या पिढीची वर्षे जातात.

छंद म्हणून टॅरंटुला पाळणे खऱ्या अर्थाने फोफावले ते १९७० आणि ८० च्या दशकांत. सुरुवातीचा मान मेक्सिकोच्या लाल गुडघ्यांच्या ब्राकिपेल्माला मिळाला. तो देखणा, सावकाश आणि सहसा न चावणारा. १९८१ च्या ‘रेडर्स ऑफ द लॉस्ट आर्क’ या चित्रपटाच्या आरंभी पेरूच्या जंगलातले मंदिर दाखवले आहे, पण नायकाच्या सोबत्याच्या पाठीवर चढलेले कोळी मेक्सिकोचे आहेत. प्रेक्षकांच्या लेखी कोळी म्हणजे कोळी होता, देश कोणताही असो. मागणी एवढी वाढली की १९८५ मध्ये ब्राकिपेल्मा स्मिथी ही जाती वन्यजीवांच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावरच्या साइटिस कराराच्या दुसऱ्या परिशिष्टात आली, आणि दहा वर्षांच्या आत तो अख्खा वंश. मेक्सिकोची वाट अवघड झाली तशी दुकानांतली जागा चिलीच्या ग्रामोस्टोला रोझियाने घेतली. त्याच्यावर तसे बंधन नव्हते आणि तो स्वस्त होता. स्वस्त असण्याचे कारण त्याच्या पैदाशीत शोधायचे नाही. इतक्या हळू वाढणाऱ्या कोळ्याची मोठी मादी घरी वाढवून स्वस्तात विकता येत नाही. ती रानातल्या बिळातून काढलेली होती म्हणून स्वस्त होती. एका देशाचे रान बंद झाले की दुसऱ्या देशाचे उघडायचे, ही त्या बाजाराची रीत तेव्हा ठरली.

याच काळात छंदाला शिस्तही आली, आणि तिचे श्रेय नाकारणे अन्यायाचे होईल. १९८४ मध्ये स्टॅन्ली आणि मार्गेरिट शुल्ट्झ यांचे ‘द टॅरंटुला कीपर्स गाइड’ हे पुस्तक आले. ब्रिटिश टॅरंटुला सोसायटीही १९८० च्या दशकातलीच. कात टाकताना उताणा पडलेला कोळी मेला समजून फेकू नये, वितभर उंचीवरून पडला तरी त्याचे पोट फुटू शकते, मीलनानंतर नराला मादीपासून कधी दूर करावे, अंड्यांची पिशवी काढून घ्यावी की आईकडेच राहू द्यावी, हे सारे हौशी माणसांनी रात्री जागून, वह्या भरून शोधले. कुठल्याही विद्यापीठाने वीस वर्षे एका मादीच्या काती मोजण्यासाठी पैसे दिले नसते. पाळलेल्या आणि विकत घेतलेल्या कोळ्यांमुळे औषधशास्त्रालाही वाट मिळाली. चिलीच्या ग्रामोस्टोलाच्या विषातून १९९५ मध्ये केंटन स्वार्ट्झ आणि रॉडरिक मॅकिनन यांनी पेशींतल्या पोटॅशियमच्या वाहिन्या रोखणारे हानाटॉक्सिन वेगळे केले. काही वर्षांनी अमेरिकेतल्या बफेलोच्या संशोधकांना त्याच कोळ्याच्या विषात ताण ओळखणाऱ्या वाहिन्यांवर काम करणारे द्रव्य सापडले, आणि २००१ मध्ये हृदयाच्या बिघडलेल्या ठोक्यांवर त्याचा परिणाम होतो असे दिसून आले. पण या निबंधांत कोळ्याचे नाव ग्रामोस्टोला स्पॅटुलाटा असे आहे, आणि वर्गीकरणात ते नाव आता रोझियातच मिळवले गेले आहे. रेणूची रचना अणूगणिक ठाऊक, पण तो कोळी नेमका कोण आणि कुठला, हे मात्र धूसर.

नावांचा हा गोंधळ म्हणजे तज्ज्ञांची किरकिर नव्हे. २०१७ मध्ये कॅरोलिन फुकुशिमा आणि रोजेरिओ बेर्तानी यांनी एव्हिक्युलेरिया वंशाची फेरतपासणी केली आणि लिनीअसच्या काळापासून साचत गेलेल्या नावांच्या ढिगातून अवघ्या बारा जाती ग्राह्य ठरवल्या. त्यांतल्या तीन नव्या होत्या, आणि एकीला त्यांनी मेरिअनचे नाव दिले. बाकीच्या कित्येक नावांखाली विकले गेलेले कोळी भलतेच होते. त्याच वर्षी मेक्सिकोच्या लाल गुडघ्यांच्या कोळ्याबाबत कळले की दशकानुदशके स्मिथी म्हणून पाळलेले बहुतेक कोळी हामोरी या वेगळ्या जातीचे आहेत. चुकीच्या नावाची किंमत काचपेटीतल्या कोळ्यालाही मोजावी लागली. टॅरंटुला म्हणजे उष्ण, दमट जंगल, या ठोकळेबाज समजुतीने चिलीच्या निमशुष्क झुडपी प्रदेशातल्या ग्रामोस्टोलाला वर्षानुवर्षे ओल्या मातीवर ठेवले गेले, आणि तो बिचारा काचेला चिकटून कोरड्या जागेचा शोध घेत राहिला. उलट एव्हिक्युलेरिया झाडाच्या शेंड्याकडचा, वाहत्या हवेत राहणारा. त्याला बंद, कोंदट पेटीत ओलावा दिल्याने इतके कोळी अचानक मेले की शौकिनांनी त्या मरणाला आजाराचे नाव दिले. प्रत्यक्षात हवा खेळती ठेवली की तो आजार बराचसा नाहीसा होतो. मॅकलेने केलेली चूकच हजारो घरांत पुन्हा झाली, आणि या वेळी तिने जीव घेतले.

यावर पहिला आक्षेप असा की आता काळ बदलला आहे. पोलंड, जर्मनी, चेकिया इथले पैदासकार एका अंडपिशवीतून शेकडो पिल्ले काढतात, मग रानावर भार कुठे? हे म्हणणे अर्धे खरे आहे. काही जाती आज खरोखर पैदाशीवर चालतात, आणि ते चांगलेच आहे. पण २०२२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या अभ्यासात कोळी-विंचू वर्गातल्या १,२६४ जाती व्यापारात आढळल्या. नोंद झालेल्या प्राण्यांपैकी ६७ टक्के थेट रानातून आलेले होते, आणि साइटिसचे संरक्षण त्यांतल्या केवळ ३० जातींना होते. टॅरंटुलांच्या तर जवळपास निम्म्या जाती विक्रीत सापडल्या. शिवाय पैदास कुठून सुरू झाली, हा प्रश्न उरतोच. ब्राझीलने १९६७ च्या कायद्याने रानातले प्राणी, त्यांची घरटी आणि आसरे यांसकट, राष्ट्राची मालमत्ता ठरवले आणि त्यांच्या व्यापाराला मनाई केली. तरीही बाहियातल्या चापादा दियामांतिना डोंगराळ भागातला, २०११ मध्ये शास्त्राने टेरिनोपेल्मा साझिमाई या नावाने नोंदवलेला निळा कोळी आज युरोपातल्या विक्रेत्यांच्या यादीत सहज मिळतो. तिसऱ्या पिढीचे पिल्लू निर्दोष आहे, यात शंका नाही. पण त्याची पणजी चोरून नेलेली असेल, तर त्या पिल्लाच्या विक्रीतून चोरीला नफा मिळत राहतो आणि पुढच्या चोराला धीर येतो. ब्राझीलच्या कायद्यातली सर्वांत विचारी गोष्ट म्हणजे त्याने प्राणी आणि त्याचा आसरा वेगळे काढले नाहीत.

दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे. दक्षिण अमेरिकेतल्या चाको आणि सेराडोची मैदाने सोयाबीन आणि गुरांच्या कुरणांसाठी साफ केली जात आहेत. नांगराखाली जितकी बिळे गाडली जातात, त्यापुढे शौकिनांनी उचललेले कोळी म्हणजे नगण्य, मग दोष छंदाला का? रान तोडणे हा मोठा धोका आहे, हे मान्यच करायला हवे. पण जो प्राणी अनेक वर्षांनी वयात येतो आणि ज्याच्या माद्या वीस-वीस वर्षे त्याच बिळांत राहून पिल्ले देतात, त्याच्या बाबतीत थोडक्या प्रौढ माद्या काढणेही महाग पडते. बाजाराला मोठी मादीच हवी असते, कारण ती देखणी आणि दीर्घायुषी. नर वयात आल्यावर फार काळ जगत नाही. शिवाय दुर्मीळ आणि छोट्याशा टापूत राहणाऱ्या जातीलाच चढा भाव मिळतो, म्हणजे जिथे रान आधीच आक्रसले आहे तिथेच पकडणारे पोचतात. डिसेंबर २०२१ मध्ये बोगोटाच्या विमानतळावर दोन परदेशी प्रवाशांच्या सामानात २३२ टॅरंटुला सापडले. नोव्हेंबर २०२४ मध्ये लिमाच्या विमानतळावर एका प्रवाशाने ३२० टॅरंटुला अंगाला बांधून नेण्याचा प्रयत्न केला. त्यांतली २८५ पिल्ले होती. दोन संकटे एकमेकांची तीव्रता कमी करत नाहीत. पहिल्यातून वाचलेले दुसऱ्याच्या हाती लागतात.

तिसरा आक्षेप विरुद्ध बाजूने येतो. कोळ्याला काचेत ठेवणेच क्रूर आहे, मग बरीवाईट पाळणूक असा भेद कशाला? इथे कोळ्याचा स्वभाव पाहावा लागतो. बिळातली मादी बिळाच्या तोंडाशी बसून भक्ष्याची वाट पाहते आणि वर्षानुवर्षे फारशी हलत नाही. योग्य कोरडेपणा किंवा ओलावा, लपायला जागा आणि वेळच्या वेळी झुरळ किंवा रातकिडा मिळाला, तर पेटीतले तिचे आयुष्य रानातल्यापेक्षा फार वेगळे नसते. पोपटाला पिंजऱ्यात घालण्याची आणि याची बरोबरी होत नाही. तिला हातावर घेऊन मिरवणे मात्र टाळायलाच हवे. पडली तर ती मरते, आणि केस उडवले तर माणसाचा डोळा धोक्यात येतो. काचपेटी साफ करताना चिलीच्या कोळ्याचे केस डोळ्यांत गेलेल्या एका माणसाची हकीकत लीड्सच्या डॉक्टरांनी वैद्यकीय नियतकालिकात नोंदवलेली आहे. पाळण्याने माणसाची भीती जाऊन आदर येतो, हेही खरे आहे, आणि ते छंदाचे सर्वांत मोठे सामाजिक देणे आहे. म्हणून मला पाळण्यावर सरसकट बंदी नको वाटते. हानी बहुतांशी पेटीच्या आत होत नाही. ती कोळी पेटीत येण्याआधी, बिळापाशी आणि सीमेवर झालेली असते.

भारताशी या इतिहासाचा संबंध दोन्ही बाजूंनी आहे. जुलै २०२१ मध्ये चेन्नईच्या सीमाशुल्क अधिकाऱ्यांनी पोलंडहून आलेले पार्सल उघडले, तर लहान कुप्यांत कापसात गुंडाळलेले १०७ जिवंत कोळी निघाले. ते मध्य आणि दक्षिण अमेरिका व मेक्सिकोकडच्या वंशांचे असल्याचे सांगण्यात आले. त्यांना परत पाठवले गेले ते पोलंडला. त्यांना दुसरे गाव कागदावर उरलेच नव्हते. आणि आपल्या देशातून गेलेल्यांची गोष्ट याहून बोलकी आहे. निळाशार पोएसिलोथेरिया मेटॅलिका १८९९ मध्ये प्राणिशास्त्रज्ञ पोकॉकने वर्णिला, तो आंध्रातल्या गुत्ती स्थानकावरच्या लाकडांच्या वखारीत सापडलेल्या नमुन्यावरून. लाकूड रेल्वेने कुठून तरी आले होते, त्यामुळे कोळ्याचे खरे रान शंभर वर्षे कोणाला ठाऊक नव्हते. २००१ मध्ये तो नंद्याळ आणि गिद्दलूर यांमधल्या जंगलात पुन्हा सापडला, आणि लवकरच परदेशी शौकिनांच्या पेट्यांत चढ्या भावाने विकला जाऊ लागला. आज तो अतिसंकटग्रस्त आहे. त्याचा सगळा वंश, सह्याद्रीत आढळणाऱ्या पोएसिलोथेरिया रिगॅलिससह, २०१९ मध्ये साइटिसच्या यादीत आला. वन्यजीव कायद्यात २०२२ साली झालेल्या दुरुस्तीमुळे साइटिसच्या यादीतले प्राणी बाळगणाऱ्यांवर नोंदणीचे बंधन आले. पण बाजारातल्या बहुतेक दक्षिण अमेरिकी जाती त्या यादीबाहेर राहिल्या आहेत, म्हणून पुणे-मुंबईतल्या शौकिनाला केवळ कायद्याकडे बोट दाखवून मोकळे होता येत नाही.

मग करायचे काय? अमेरिकेच्या लेसी कायद्याखाली, मूळ देशाचा कायदा मोडून पकडलेला प्राणी आयात करणे हा गुन्हा आहे. युरोपात असा सर्वव्यापी नियम नाही, आणि साइटिसबाहेरचा कोळी एकदा आत आला की तो उघड विकता येतो. हे अंतर बुजवणे सरकारांचे काम आहे. पण त्यासाठी थांबण्याची गरज नाही, कारण बाजार खरेदीदारावर चालतो. प्राणिसंग्रहालये वाघ-सिंहांच्या वंशावळी ठेवतात, तशाच पैदासकारांनी कोळ्यांच्या ठेवाव्यात. पिल्लाबरोबर त्याच्या मूळ जोडीचे स्थळ, रानातून कधी आणि कोणत्या परवान्याने घेतले ते, आणि मधल्या पिढ्या लिहून द्याव्यात. अशी नोंद नसलेला कोळी, विशेषतः ब्राझीलसारख्या बंदी असलेल्या देशातला, घेऊ नये. मोठी रानातली मादी स्वस्त मिळत असेल, तर तो स्वस्तपणाच तिच्याविरुद्धचा पुरावा मानावा. नाव, स्थळ आणि वंशावळ ठाऊक असलेला कोळी नीट जगवता येतो, त्याच्यावरचे निरीक्षण अभ्यासकाच्या कामाला येते, आणि उद्या रानातली त्याची जात धोक्यात आली तर मूळ देशाला त्याचा उपयोग होऊ शकतो. यातले काहीच अवघड नाही. वीस वर्षे एका कोळ्याच्या कातींच्या तारखा वहीत लिहिणाऱ्या माणसांना पहिल्या पानावर त्याच्या गावाचे नाव लिहिणे जड जाऊ नये. ते नाव विक्रेत्याकडून मागितल्याशिवाय पैसे न देणे, एवढा एक नियम छंदाने स्वतःला घालून घेतला, तर तीनशे वर्षे चालत आलेली ही उचलेगिरी याच पिढीत थांबू शकते.